टमाटरचं रोप आणि अवकाळीचे ढगाळ दिवस



संक्रांत झाली की आपल्याकडे हळदीकुंकवाची धावपळ सुरू होते. शेतात तूर कापणीला आलेली असते, हरभऱ्याने घाटे धरलेले असतात, कपाशीची शेवटची वेचणी चाललेली असते. आणि त्याच दिवसांत एखाद्या सकाळी आभाळ भरून येतं. दोन दिवस ऊन दिसत नाही, तिसऱ्या दिवशी पाऊस पडतो, कधी गाराही पडतात. कॅलेंडरवर वसंतपंचमी आलेली असते आणि आपण मात्र स्वेटर घालून चुलीजवळ बसलेलो असतो.

हा पाऊस का येतो, ते आधी थोडक्यात सांगते. हिवाळ्यात वायव्येकडून, म्हणजे पाकिस्तान-काश्मीरच्या बाजूने, थंड हवेचे पट्टे सरकत येतात. त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारं आलं, की दोघांची गाठ मध्य भारतावर, म्हणजे आपल्या डोक्यावर पडते. ढग जमतात, पाऊस होतो, गारा होतात. फेब्रुवारी २०१८ मधली विदर्भ-मराठवाड्यातली गारपीट तुम्हाला आठवत असेल. ढग असेपर्यंत रात्र फार थंड नसते, पण दिवस तापत नाही. ढग हटले की उत्तरेचं वारं सुटतं आणि रात्रीचा गारठा वाढतो.

नेमक्या याच दिवसांत उन्हाळी टमाटरचं रोप तयार करायचं असतं. पुस्तकात टोमॅटो लिहितात, आपण टमाटर म्हणतो, मीही तेच म्हणणार आहे. आजचा विषय एवढाच: थंड, ढगाळ, ओल्या दिवसांत घरच्या घरी टमाटरचं रोप कसं जगवायचं.

थांबता का येत नाही?

बऱ्याच जणी म्हणतात, ताई, आभाळ मोकळं होऊ द्या, मग टाकू बी. ऐकायला बरोबर वाटतं. पण हिशेब करून पाहा.

बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला २५ ते ३० दिवस लागतात. लावल्यानंतर साधारण महिनाभराने फूल येतं. फुलाचं लाल फळ व्हायला आणखी दीड महिना. म्हणजे १० जानेवारीला बी टाकलं, तर फूल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पहिलं फळ एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात.

आता आपल्या वर्ध्याचं ऊन आठवा. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर राहू लागलं, की टमाटरच्या फुलातले परागकण निकामी होऊ लागतात. फूल दिसतं, पण फळ धरत नाही, देठापासून गळतं. मार्चच्या शेवटी आपला पारा ३८-४० कडे निघालेला असतो. म्हणजे जानेवारीत रोप मेलं आणि पुन्हा बी टाकावं लागलं, तर पंधरा-वीस दिवसांचा तोटा होतो, आणि तो पुढे भरून निघत नाही. झाड हिरवंगार दिसेल, फळं मात्र मोजकीच लागतील. बी पुन्हा विकत मिळतं, गेलेले दिवस मिळत नाहीत. म्हणून बी वेळेवर टाकायचं आणि वाईट हवेत ते सांभाळायचं, दुसरा मार्ग नाही.

आमच्या एका गटात काय झालं

सेलू तालुक्यातल्या एका गावातली मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. त्या गटाने ठरवलं, सगळ्यांची रोपं एकाच ठिकाणी करायची. गटातून पैसे काढून बियाणं आणलं. एका ताईचं घर पक्कं, तिच्या मागच्या खोलीत पत्र्याच्या ट्रेमध्ये बी टाकलं. पाळीपाळीने पाणी घालायचं ठरलं. मी स्वतः बैठकीत सांगितलं होतं, "काहीही होवो, पाणी कमी पडू देऊ नका."

बी छान उगवलं. पाचव्या दिवशी ढग आले. रोपं पावसाने झोडपायला नको म्हणून खोलीचं दार लावून घेतलं. पाळी मात्र कोणी चुकवली नाही. रोज एक बाई जायची आणि तांब्याभर पाणी घालून यायची. आठव्या दिवशी ट्रेच्या एका कोपऱ्यातली रोपं आडवी झाली. त्यांना पाणी कमी पडलं म्हणून त्या दिवशी दोनदा पाणी घातलं. दोन दिवसांत अर्ध्याहून जास्त रोपं मातीवर निजलेली होती.

पुढच्या बैठकीत भांडण झालं. कोणी म्हणालं, जिच्या घरी ठेवली तिने लक्ष दिलं नाही. कोणी म्हणालं, बियाणंच खराब होतं. ती ताई काही बोलली नाही. उठून गेली आणि पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. शेवटी गटातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी बोलल्या. "माय, कोणी नाही मारलं त्याले. तुम्ही सगळ्याईनं त्याले पाणी पाजू पाजू मारलं."

आजींचं खरं होतं. आणि पाण्याचा सल्ला माझा होता. मी त्या ताईच्या घरी गेले आणि तसं सांगितलं. त्यानंतर मी या विषयाचं नीट वाचलं, विचारलं, घरी करून पाहिलं. आज तुम्हाला सांगतेय ते त्यातूनच आलेलं आहे.

रोप आडवं का पडतं

मेलेलं रोप उपटून पाहा. पान हिरवंच असतं. पण मातीला लागून देठ काळपट, पाणचट आणि दोऱ्यासारखा बारीक झालेला असतो. याला रोप कोलमडणं म्हणतात. हे काम मातीतल्या बुरशीचं. तिची नावं पिथियम, रायझोक्टोनिया अशी आहेत. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, तिला काय आवडतं ते लक्षात ठेवा: सतत ओली माती, कोंदट हवा, गर्दी आणि कमी ऊन. आम्ही त्या खोलीत तिला हे चारही पुरवलं होतं.

ढगाळ दिवशी रोप पाणी कमी पितं. ऊन नाही, वारं नाही, म्हणून पानातून पाणी उडत नाही आणि मातीतलं पाणी तसंच राहतं. आपण रोजच्या सवयीने घालत जातो. त्यात आपली काळी माती. कपाशीला ती सोन्यासारखी, कारण ओल धरून ठेवते. पण छोट्या डब्यात तोच तिचा दोष होतो. ओली असली की चिकट चिखल, वाळली की दगड. मुळाला श्वास घ्यायला जागा राहत नाही.

माती आणि भांडं

म्हणून नुसती काळी माती घेऊ नका. एक टोपलं माती, एक टोपलं नाल्याची धुतलेली रेती, एक टोपलं चाळलेलं गांडूळ खत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, असं मिसळा. कच्चं शेण नको, त्याने बुरशीही वाढते आणि हुमणीही येते. मूठभर ओलं मिश्रण दाबून पाहा. लाडू व्हावा, पण बोटाने टोचला की फुटावा. नाही फुटला तर रेती वाढवा.

हे मिश्रण आदल्या दिवशी भोकं पाडलेल्या टोपल्यात भरून त्यावर उकळतं पाणी ओता. पाणी निथळू द्या, माती पूर्ण थंड होऊ द्या. बुरशी सगळी मरत नाही, पण जोर कमी होतो. मग कृषी केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्मा पावडर थोड्या गांडूळ खतात कालवून यात मिसळा. ट्रायकोडर्मा हीसुद्धा बुरशीच, पण आपल्या बाजूची. ती जागा धरून बसली की वाईट बुरशीला जागा मिळत नाही. क्रम मात्र चुकवू नका: आधी उकळतं पाणी, मग थंड माती, मग ट्रायकोडर्मा. गरम मातीत घातली तर तीच मरेल.

भांडं म्हणून चहाचे कागदी कप उत्तम. लग्नात, तेरवीत किती पडलेले असतात! धुऊन घ्या, बुडाला तीन-चार भोकं पाडा. एका कपात दोन बिया टाका, पुढे जोमदार रोप ठेवून दुसरं कात्रीने कापा, उपटू नका. कपाचा मोठा फायदा असा, की एका कपातलं रोप कोलमडलं तर तो कप उचलून बाजूला करता येतो. ट्रेमध्ये मात्र आग लागल्यासारखी बुरशी पसरत जाते. प्रो-ट्रे मिळाला तर तोही चांगला, त्यातही प्रत्येक रोपाला आपलं घर असतं.

बी उगवेपर्यंत ऊब, उगवल्यावर ऊन

टमाटरच्या बीला उगवायला ऊब लागते. माती २५ अंश असेल तर सहा-सात दिवसांत कोंब वर येतो. १५ अंश असेल तर दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस बी थंड, ओल्या मातीत पडून राहिलं, तर कुजण्याचीच भीती जास्त.

आपण मटकीला मोड आणतो तसंच इथे करायचं. बी रात्रभर भिजवा, ओल्या सुती फडक्यात सैल बांधा आणि चुलीच्या बाजूला ठेवा. हात ठेवला तर कोमट वाटावं, चटका बसू नये. फडकं ओलसर राहू द्या, पाणी गळायला नको. तीन-चार दिवसांत पांढरं टोक दिसलं, की लगेच अर्धा ते एक सेंटीमीटर खोल पेरा. टोक मोडू देऊ नका.

पण एक गोष्ट कान देऊन ऐका. बी गुलाबी, निळं किंवा हिरवं रंगवलेलं असेल, तर त्याला कंपनीने औषध लावलेलं असतं. ते विष आहे. त्याला स्वयंपाकघरातल्या वाटीत, फडक्यात आणू नका. ते भिजवू नका, सरळ कपात पेरा आणि कप ऊबदार जागी ठेवा. हात साबणाने धुवा, पाकीट लेकरांच्या हाती लागू देऊ नका. अशा बीला वरून ट्रायकोडर्मा चोळायचीही गरज नाही.

पहिला कोंब दिसला, की चुलीजवळचं काम संपलं. त्याच दिवशी कप बाहेर उजेडात काढा. इथे बऱ्याच जणी चुकतात. थंडी आहे म्हणून आणखी दोन दिवस आत ठेवतात. आत ऊब आहे पण उजेड नाही, म्हणून रोप उजेड शोधत उंच होतं, किडकिडीत होतं आणि मान टाकतं. उगवलेल्या रोपाला थोडी थंडी चालते, अंधार चालत नाही.

जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून फिरतो. म्हणून घराच्या दक्षिण बाजूची, चुन्याने रंगवलेली भिंत असेल तर तिच्यासमोर कप ठेवा. पांढरी भिंत ढगाळ दिवशीही उजेड परत फेकते आणि रात्री थोडी ऊब देते. कप रोज थोडे फिरवा, म्हणजे रोप एका बाजूला वाकत नाही. आणि पानं कोरडी असताना सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा रोपांच्या शेंड्यावरून हलका हात फिरवा. मोकळ्या वाऱ्याने हलणारं रोप जसं बुटकं आणि जाड होतं, तसंच हाताने हलवलेलंही होतं.

पाणी: घालण्याआधी विचारायचं

आता मुख्य गोष्ट. पाण्याची पाळी लावू नका. पाणी घालायचं की नाही, हे दिवस मोजून नाही, कपाला विचारून ठरवा. बोटाचं अर्धं पेर मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही. कप उचलून पाहा. जड असेल तर पाणी नाही. ढगाळ दिवसांत दोन-तीन दिवस पाण्याची गरज पडत नाही, घाबरू नका.

घालायचं तेव्हा सकाळीच घाला, म्हणजे संध्याकाळपर्यंत वरची माती सुकते. शक्यतो वरून ओतूच नका. परातीत दोन बोटं पाणी घ्या, त्यात कप दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून निथळू द्या. पाणी खालून वर चढतं, देठाजवळची माती कोरडी राहते. बुरशीला हीच जागा हवी असते, तीच आपण तिला द्यायची नाही.

पाऊस आणि गारांसाठी छप्पर लागेल. तुराट्या किंवा बांबूच्या कामट्यांची कमान करा आणि वरून पांढरं प्लास्टिक टाका. पण चारही बाजू बंद करू नका, खालून हातभर मोकळं ठेवा, वारं खेळू द्या. रात्री थंडी जास्त असेल तर बाजू सोडा, सकाळी उठल्याबरोबर वर करा. गडद साडी टाकू नका, उजेड अडतो. दिवसा खूप बारीक विणीची जाळी टाकली तर पांढरी माशीही दूर राहते. हीच माशी पानं आकसणारा रोग आणते.

राखेचं विचारतात बऱ्याच जणी. चुलीची चाळलेली राख चिमूटभर भुरभुरली तर वरची माती कोरडी राहते. पण मुठीने नको. आपली काळी माती आधीच खारवट स्वभावाची, राखेने तो वाढतो.

रोप काय सांगतं ते पाहा

पानाची खालची बाजू जांभळी झाली तर तो रोग नाही. मुळं गारठली आहेत, त्यांना मातीतलं स्फुरद उचलता येत नाही. ऊब मिळाली की रंग जातो. युरिया घालू नका.

खालची पानं पिवळी आणि माती ओली, तर पाणी जास्त झालंय. थांबा.

रोप उंच आणि किडकिडीत, तर उजेड कमी आहे. असं रोप टाकून मात्र देऊ नका. टमाटरचा देठ मातीत गाडला की त्यालाही मुळं फुटतात. लावताना वरच्या पानांपर्यंत खोल लावा. ही सवलत टमाटरला आहे, मिरची-वांग्याला तेवढी नाही.

रोप मातीजवळून मोडून पडलं, तर तो कप मातीसकट लांब टाका. बाकीच्या कपांचं पाणी बंद करा, जागा मोकळी करा. तरीही पसरत असेल तर १ लिटर पाण्यात ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळून थोडं थोडं मुळाशी घाला, हातमोजे घालून. हे घातलं तर त्याच वेळी ट्रायकोडर्मा घालू नका, एक दुसऱ्याला मारतं. शंका वाटली तर रोप पिशवीत घालून सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या आणि दाखवा. फोनवर वर्णन करण्यापेक्षा ते बरं.

लावणीआधीचा आठवडा

रोपाला चार-पाच पानं आली, उंची १२ ते १५ सेंटीमीटर झाली, की शेवटचे सात-आठ दिवस त्याला बाहेरच्या हवेची सवय लावा. पाणी आणखी कमी करा, ऊन वाढवा. लाडात वाढलेलं रोप थेट शेतात नेलं तर पहिल्याच उन्हात मान टाकतं. लावणी दुपार उतरल्यावर करा. मार्चअखेर ऊन चढलं, की पश्चिमेच्या बाजूने तुराट्यांची विरळ ताटी उभी करा. दुपारची झळ अडली की फूल थोडं जास्त दिवस टिकतं.

गटाने बी एकत्र घेणं चांगलंच आहे. एका ग्रॅममध्ये साधारण ३०० बिया येतात. घरच्या सांदवाडीत १२-१५ झाडं पुरतात. म्हणजे १० ग्रॅमचं पाकीट एका घराला फार होतं, गटात वाटलं तर परवडतं. पण रोपं आपापल्या घरी करा. एका ठिकाणी ठेवली तर एकाच दिवशी सगळी जातात. दहा घरी ठेवली तर दोन घरची गेली तरी आठ घरची उरतात आणि वाटून घेता येतात. संकरित बी असेल तर पुढच्या वर्षासाठी त्याचं बी धरू नका, तशीच झाडं येत नाहीत. पुसा रुबीसारख्या सरळ वाणाचं बी मात्र धरता येतं.

त्या सेलू तालुक्यातल्या गटाचं यंदा काय झालं, ते विचाराल. यंदा प्रत्येकीने आपल्या घरी कप ठेवले. ती ताईही बैठकीला परत आली. बी वाटताना म्हणाली, "मला चाळीस कपांचं द्या." कोणी काही बोललं नाही, आजींनी स्वतः मोजून दिलं. मध्ये चार दिवस ढग होते, एक दिवस पाऊस झाला. मी गेले तेव्हा तिच्या ओट्यावर तेहतीस कप उभे होते. सात गेले होते, तेही तिने लपवले नाहीत. मी विचारलं, ढगात पाणी किती दिलं? ती म्हणाली, "चार दिवसांत एकदाच. रोज सकाळी हात जायचा तांब्याकडे, पण कप उचलून पाहायची आणि परत ठेवायची."

मैत्रिणींनो, एवढंच लक्षात ठेवा. उगवेपर्यंत ऊब, उगवल्यावर उजेड, देठाशी कोरडी माती, आणि पाणी घालण्याआधी कप उचलून पाहायचा. तुमच्या गटात कोणाची रोपं गेली असतील, तर आधी दोष कोणाचा ते शोधू नका, देठ पाहा. तो काळा आणि बारीक असेल, तर काय झालं ते तुम्हाला कळेल, आणि उरलेली रोपं वाचवायला तुमच्या हातात अजून एक दिवस असेल.